पाहण्याजोगे, घेण्याजोगे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी व माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत. दुपारी फोनवर व्हिडिओ पाहायला बसलो, की एकामागून एक लागत जातात आणि शेवटी काय पाहिले तेही आठवत नाही. करमणूक हवीच आहे, पण पाहून काही हाती लागावे अशी इच्छा आहे. असे व्हिडिओ शोधायचे कसे?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपल्यासमोर येणारे बहुतेक व्हिडिओ आपण निवडलेले नसतात. पूर्वी आपण काय पाहिले आणि किती वेळ पाहिले, यावरून यूट्यूब पुढचा व्हिडिओ सुचवते, त्यामुळे भांडणाचा किंवा अफवेचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तर तशाच व्हिडिओंची रांग लागते. म्हणून पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करावी आणि नको असलेल्या व्हिडिओच्या नावाशेजारी जे तीन ठिपके असतात, त्यांवर बोट ठेवून ‘हे चॅनल सुचवू नका’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा. काही दिवस हे नेटाने केले, की समोरची यादी बदलू लागते.

शोधताना ‘मनोरंजक व्हिडिओ’ असे मोघम लिहू नये. आपल्या आवडीची नेमकी गोष्ट देवनागरीत लिहावी. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. नुसते ‘पैठणी’ लिहिले, तर विक्रीचेच व्हिडिओ प्रामुख्याने येतात. ‘येवला पैठणी हातमाग विणकाम’ असे लिहिले, तर मागावर बसलेला विणकर दिसण्याची शक्यता पुष्कळ वाढते. रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, हाताने फिरवत, प्रत्येक रंग शेजारच्या रंगात अडकवत, पदरावरचा मोर एकेक धाग्याने वर चढताना पाहणे ही उत्तम करमणूक आहे, आणि ती पाहणाऱ्याला एक पारखही देऊन जाते : रंग असे एकमेकांत गुंफलेले असल्यामुळे हातमागावरच्या पारंपरिक पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. वस्तू कशी घडते हे दाखवणारा व्हिडिओ मला नेहमीच अधिक मोलाचा वाटतो, कारण तो पाहिल्यावर दुकानात आपल्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

जुन्या आवाजांची आणि चेहऱ्यांची ओढ असेल, तर दूरदर्शन सह्याद्री आणि प्रसार भारती अर्काइव्ह्ज यांच्या चॅनलांवर जावे. शिवाय त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि नाशिकमध्ये चित्रपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचे काम आपण घरबसल्या पाहू शकता, हे अनेक नाशिककरांच्या ध्यानातच येत नाही. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चा शिल्लक राहिलेला भाग नेटवर पाहायला मिळतो, त्यात बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची कन्या मंदाकिनी आहे. चित्रपटनिर्मितीला भांडवल मिळावे म्हणून फाळक्यांनी आरंभी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभराहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने टिपून एका छोट्या चित्रफितीत दाखवली होती. आज बी रुजण्याचे जे व्हिडिओ लाखो लोक पाहतात, त्यांचेही तंत्र हेच आहे.

प्रश्न : रील्समध्ये तांब्याची बाटली, बीडाचा तवा, भाज्या चिरण्याचे यंत्र अशा वस्तू सतत दिसतात आणि ‘फक्त दोनच शिल्लक’ असे लिहिलेले असते. सासूबाई म्हणतात, हे सगळे भांडी बाजारात मिळते. खरोखर घेण्यासारखे यात काय आहे?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपल्या सासूबाईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. नाशिकला तांब्या-पितळेच्या कामाची मोठी परंपरा आहे, आणि भांडी बाजारात ही भांडी अजूनही वजनावर विकली जातात. व्हिडिओत सारखीच चमकणारी दोन भांडी तागडीत घातली, की पत्रा कोणाचा जाड आणि कोणाचा पातळ हे तत्काळ कळते. पडद्यावर वजन दिसत नाही, आणि धातूच्या भांड्यात खरी किंमत वजनाची असते.

तांब्याची बाटली अवश्य घ्या, मात्र ती साध्या पाण्यासाठीच वापरा. लिंबूपाणी, ताक, कोकम सरबत असे आंबट पदार्थ तांब्यात ठेवले, की तांबे त्यात उतरते. मळमळ आणि उलट्यांचा त्रास त्यामुळेच होऊ शकतो. रीलमध्ये त्याच बाटलीत लिंबाच्या चकत्या तरंगताना दाखवल्या असतील, तर तो सल्ला मुळीच मानू नये. पितळेच्या पातेल्यात आमटी किंवा सार करायचे असेल, तर आतून कल्हई केलेली असलीच पाहिजे, आणि ती झिजली की पुन्हा करून घेतली पाहिजे. बाटली आतून घासायला चिंच किंवा लिंबू-मीठ पुरते, पण नंतर ती भरपूर पाण्याने विसळावी. तोंड इतके अरुंद असेल की ब्रशही आत जाणार नाही, तर ती बाटली दिसायला कितीही देखणी असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीडाचा तवा मला स्वतःला फार प्रिय आहे. तो तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, म्हणून घावन आणि थालीपीठ त्यावर खरपूस होतात. नव्या तव्याला तेलाचा अगदी पातळ हात लावून तो चांगला तापवावा आणि असे पुन्हा पुन्हा करावे, म्हणजे त्यावर काळसर, गुळगुळीत थर बसतो. धुतल्यावर ओला ठेवला तर गंजतो. गरम असताना गार पाण्याखाली धरला किंवा हातून पडला तर तडकू शकतो. घरात कोणाचे मनगट दुखत असेल, तर दुकानात एका हाताने उचलून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

भाज्या चिरण्याच्या यंत्रांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. दोरी आणि पाती सुटी मिळत असतील तरच घ्यावे. इस्त्री, गिझर, प्रेशर कुकर यांच्या बाबतीत मात्र आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्या चिन्हाखाली छापलेला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला, की परवाना कोणाच्या नावावर आहे हे समजते. ‘फक्त दोनच शिल्लक’ याविषयी म्हणाल, तर खोटी घाई निर्माण करणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले असून तेथे वर्णिलेल्या १३ प्रकारांत हा प्रकार आहे.

प्रश्न : व्हिडिओखालच्या लिंकवरून मिक्सर मागवला. घरी पैसे दिल्यावर पार्सल उघडले, तर आत हलक्या दर्जाची भलतीच वस्तू निघाली. आता काय करावे?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : पार्सलवरचे लेबल, पावती आणि वस्तू यांचे फोटो आधी काढून ठेवा. ज्या संकेतस्थळावरून मागवले, त्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक मात्र गुगलवर शोधू नका, कारण तेथे भामट्यांचे क्रमांकही असतात. परताव्याच्या नावाखाली कोणी ओटीपी मागून पैसे काढलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात शिकते आणि त्वचेच्या निगेविषयी छोटे व्हिडिओ करते. एक कंपनी तिला साबण व तेल फुकट पाठवते, पैसे देत नाही. तरीही हे व्हिडिओत सांगावे लागते का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : होय, सांगावेच लागते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार केवळ मानधनच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू, सवलत, भेट किंवा सहलही लाभात मोडते आणि तो लाभ प्रेक्षकांना उघडपणे कळवावा लागतो. व्हिडिओ असेल तर हे दिसलेही पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे, आणि ज्या भाषेत शिफारस केली आहे त्याच भाषेत असले पाहिजे. मराठी व्हिडिओखाली हॅशटॅगच्या गर्दीत एखादा इंग्रजी शब्द दडवून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे.

‘हा साबण मला कंपनीने विनामूल्य पाठवला आहे’ हे एक वाक्य तिने व्हिडिओच्या आरंभीच स्वच्छ आवाजात म्हणावे आणि तेच पडद्यावर वाचता येईल इतका वेळ ठेवावे. साबण स्वतः पुरेसे दिवस वापरल्याखेरीज त्याविषयी बोलू नये, आणि डाग जातात किंवा रंग उजळतो असा दावा कंपनीने लिहून पाठवला, तर त्याचा पुरावा मागावा. पुरावा आला नाही, तर ते वाक्य व्हिडिओतून गाळावे.