इम्प्रेशनिस्ट चित्रं बघताना नुसती शैली पुरते, की समाज-इतिहासही लागतो?

नुसते कुंचल्याचे फटकारे बघायचे तर बघा, कुणी अडवलेलं नाही. पण तेवढ्यावर चित्र समजतं का आणि बाकीचा इतिहास नंतरच्या लोकांनी चिकटवलाय का, असं विचारलंय तुम्ही, तर नाही. दोन्हीचं उत्तर नाही. माझं जुनं दुखणं आहे हे, म्हणून लिहितोय.

कॉलेजात सेमिनारला मी देगाचं (एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्ट गटातला चित्रकार) 'द स्टार' हे चित्र घेतलं होतं. १८७६-७७ च्या सुमाराचं, मोनोटाइपवर (पत्र्यावर रंगवून कागदावर उठवलेला ठसा) पेस्टल, आता पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे. वरून बघितल्यासारखी एक नर्तकी, अर्धाअधिक रंगमंच रिकामाच, आणि मागे विंगेत काळ्या सुटातला एक माणूस उभा, डोकं आड गेलेलं. मी म्हटलं हा कोण ते बघू. पॅरिस ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार असायचे, त्यांना थेट स्टेजमागे जायची मुभा, नाचणाऱ्या मुली बऱ्याचदा गरिबाघरच्या, आणि पुढे काय चालायचं ते अख्ख्या पॅरिसला माहिती होतं. इथवर आलो आणि सरांनी तोडलं. "तो माणूस नाही, डार्क मास आहे, कॉम्पोझिशन तोलायला. गॉसिप नको, चित्रावर बोल." वर्ग हसला, मार्कही तसेच पडले.

अहो, नुसता गडद रंगच हवा होता तर सावली टाकता आली असती, सूट कशाला चढवला तिला? आणि डोकं झाकणं ही शैलीच आहे की! ती जपानी प्रिंटवरून आली, फोटोतल्या क्रॉपिंगवरून (कडेला माणूस अर्धवट कापतात तसं) आली, सगळं मान्य. पण चेहरा गेला म्हणूनच तो अमुक एक गृहस्थ न राहता कुणीही वर्गणीदार होतो. फॉर्म, म्हणजे रंग-रेषा-रचना, नीट बघितला की तोच तुम्हाला विंगेत घेऊन जातो, सरांना तिथं जायचं नव्हतं इतकंच.

आणि 'नंतर चिकटवलं' म्हणणाऱ्यांसाठी: १८८१ ला देगानं चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा मांडला, खरे केस, खरा कापडी स्कर्ट. मॉडेल मारी व्हान गोएथेम, धोबिणीची मुलगी. तेव्हाच्याच समीक्षकांना तिच्या चेहऱ्यात माकड दिसलं, दुर्गुण दिसले. नुसता आकार बघून गप्प बसले नाहीत ते.

हां, नर्तकी म्हणजे सुंदर कापडं आणि हालचाल रंगवायचं निमित्त, असं देगाच म्हणायचा असं सांगतात, सरांनीही तेच सुनावलं होतं. पण चित्रकार स्वतःच्या चित्राबद्दल सगळं खरं सांगतो हे कुणी ठरवलं? उलट बाजूचेही अतिरेकी आहेतच, मोने या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराच्या पाणकमळांच्या चित्रांत वर्गसंघर्ष शोधणारे, त्यांच्या नादी लागू नका.

तुम्ही आधी चित्र भरपूर बघा, मग वाचा, मग परत बघा. आणि व्हायव्हा तोंडावर असेल तर आधी रंगरेषांवरच बोला, मार्क तिथेच असतात.