विंडोज ११ टाकल्यावर आवाज गेला: लेटेस्ट ड्रायव्हर शोधू नका, तुमच्या मशीनचा शोधा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही घरून ऑनलाइन गाणं शिकवता. लॅपटॉप अकराव्या पिढीच्या इंटेलचा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानात फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून घेतलंत. तेव्हापासून लॅपटॉपचे स्पीकर बंद आहेत आणि २०१२च्या सुमाराचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, पिवळं चिन्ह दाखवतो. सध्या साध्या यूएसबी हेडसेटवर क्लास चालू आहे, पण विद्यार्थी म्हणतात तानपुरा मधूनच नाहीसा होतो. दुकानदार म्हणतो, 'लेटेस्ट ड्रायव्हर टाकलाय, इंटरफेस गेलाय, नवा घ्या.'

नवा लगेच घेऊ नका. तुमच्याच लिहिण्यात एक चांगली खूण आहे: हेडसेट चालतोय. म्हणजे विंडोजची आवाजाची यंत्रणा धडधाकट आहे, कारण साधा हेडसेट विंडोजसोबतच येणाऱ्या यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि उपकरण यांची गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर) चालतो. अडलंय ते ज्यांना बाहेरून ड्रायव्हर लागतो तिथे. तानपुऱ्याचं प्रकरण तर ड्रायव्हरचं नाहीच.

आधी लॅपटॉपचे स्पीकर. या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आवाजाला दोन ड्रायव्हर लागतात. एक इंटेलचा, स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी नावाचा, आणि त्याच्यामागे रिअलटेकच्या चिपचा. इंटेलचा बसलेला नसेल तर रिअलटेकची चिप विंडोजला दिसतच नाही, मग रिअलटेकचा कितीही नवा ड्रायव्हर टाका, तो कुणाला बसवणार? डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, उघडा. 'अदर डिव्हायसेस'खाली 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असं काही पिवळ्या चिन्हासह दिसतंय का बघा. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. पहिल्या ओळीत 'व्हेन' (VEN) या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर ते इंटेलचं, १०ईसी असेल तर रिअलटेकचं. तुमच्याकडे ८०८६ निघेल असा माझा अंदाज आहे.

मग लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर जा, मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर टाका आणि तिथूनच दोन्ही घ्या: आधी इंटेलचा, रीस्टार्ट, मग रिअलटेकचा. चिप तीच असली तरी स्पीकर, अँप्लिफायर, माइक कुठे कसे जोडलेत हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं, आणि ती माहिती कंपनीच्या पॅकेजमध्ये असते. भलत्या मॉडेलचं पॅकेज बसलं तर आवाज येतोही, पण पातळ, पत्र्यासारखा. गाणं शिकवणाऱ्या माणसाला तो चालणार नाही. दुकानात वापरतात ती 'सगळे ड्रायव्हर एकत्र' छापाची सॉफ्टवेअर मला म्हणूनच मुळीच पसंत नाहीत. ती मोठा आकडा बघून ड्रायव्हर निवडतात, आणि आवाजाच्या बाबतीत मोठा आकडा फसवा असतो. याच इंटेल ड्रायव्हरचं बघा. २०२२मध्ये १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या दोन आवृत्त्यांमुळे अकराव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ कोसळत होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा मशीनचं अपडेट रोखून धरलं होतं. दुरुस्ती आली ती शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा असलेल्या आवृत्त्यांत, आणि १०.३० ही १०.२९पेक्षा नवी समजू नका असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. तेव्हा बसवल्यावर हा शेवटचा आकडा जरूर तपासा.

त्याच पानावर बायॉसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट दिसेल. ते आवाजासाठी लागेलच असं नाही. लावायचंच असेल तर बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून, आणि तुमच्या भागात गुरुवारी लाइट जात असेल तर तो वार सोडून लावा.

आता इंटरफेस, कारण पैसे इथे जाणार आहेत. पाच मिनिटांची परीक्षा आहे. इंटरफेसला स्वतःचा अडॅप्टर असेल तर तो लावा आणि ओटीजी केबलने (फोनला यूएसबी उपकरणं जोडायची केबल) अँड्रॉइड फोनला जोडा. फोनमधलं गाणं त्यातून वाजलं तर इंटरफेस ठणठणीत आहे, शिवाय तो यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे बोलतो. नाही वाजलं तरी तो मेला असं नव्हे. काही इंटरफेस फक्त स्वतःच्या कंपनीच्याच ड्रायव्हरशी बोलतात.

त्या काळातल्या इंटरफेसचं दुखणं असं, की यूएसबी ऑडिओचं दुसरं मानक २००६मध्ये आलं, पण विंडोजमध्ये त्याचा अंगभूत ड्रायव्हर २०१७ला, विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीत आला. मॅकवर तो २०१०पासूनच होता. मधल्या वर्षांत प्रत्येक कंपनीने विंडोजसाठी आपापला ड्रायव्हर लिहिला, आणि मॉडेल बंद झाल्यावर अनेकांनी त्याकडे पाठ फिरवली. तुमच्या मशीनवर तोच जुना ड्रायव्हर परत बसवलेला असणार. विंडोज ११ कोरं टाकलं की 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण बहुतेक नव्या लॅपटॉपवर आपोआप चालू होतं आणि असे जुने ड्रायव्हर अडवतं. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खाली अडलेल्यांची यादी मिळते. हे संरक्षण बंद करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ज्या लॅपटॉपवर फी जमा होते, बँकेचे व्यवहार होतात, त्यावर ते करू नये असं माझं ठाम मत आहे.

त्याऐवजी कंपनीच्या पानावर विंडोज ११साठीचा ड्रायव्हर आहे का बघा. नसेल आणि फोनची परीक्षा पास झाली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून इंटरफेस अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनात टिक करा, केबल काढून परत लावा. विंडोज आपला अंगभूत ड्रायव्हर लावेल आणि क्लासचं काम भागेल. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला एएसआयओ, म्हणजे कमी विलंबाचा खास ऑडिओ ड्रायव्हर, हवा असेल तर एएसआयओफोरऑल हे फुकट मिळतं. त्यात कंपनीच्या चांगल्या ड्रायव्हरइतका कमी विलंब मिळेलच असं नाही, पण रियाज रेकॉर्ड करायला पुरे.

राहिला तानपुरा. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर एकसुरी, सलग आवाजाला पंख्याची घरघर समजून कापतात, आणि तानपुरा नेमका सलग असतो. झूम वापरत असाल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या माइकचं 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. पुढे इंटरफेस सुरू झाला की हीच दोन्ही सेटिंग त्याच्यासाठी पुन्हा बघा. आणि तानपुरा अ‍ॅप दहा मिनिटं सलग लावून ठेवा: बारीकशी कटकट असेल तर तीही त्या आसेत लगेच कळते. तशी ऐकू आली तर यूएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावा, आणि वाय-फाय बंद करून पुन्हा ऐका. वाय-फाय बंद केल्यावर कटकट थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हरही लॅपटॉप कंपनीच्याच पानावरून घ्यावा लागेल.

एवढं करूनही अडलं तर इथेच तीन गोष्टी लिहा: त्या हार्डवेअर आयडीची पहिली ओळ, इंटेलच्या ड्रायव्हरचा पूर्ण आकडा, आणि इंटरफेसच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा कोड. १० असेल तर ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही, २८ असेल तर ड्रायव्हरच नाही, ५२ असेल तर ड्रायव्हरच्या डिजिटल सहीवर अडलंय. तिघांची वाट वेगळी आहे, कोड कळला की पुढचं सांगतो.