‘मॅडम, मला कोच व्हायचंय’

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज खानापूरहून बेळगावला येते. तीन वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. यंदा युनिव्हर्सिटीच्या निवड चाचणीला गेले होते, पण नाव लागलं नाही. मला पुढं कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचंय. बाबा म्हणतात, त्यात पोट भरत नाही, गप बी.एड. कर. आपल्या भागात खरंच असं करिअर होतं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : होतं गं. पण ‘बास्केटबॉल कोच’ या नावाची खुर्ची आपल्या कॉलेजात शोधू नकोस, ती नसते. असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची, म्हणजे ज्याला सगळे पीडी म्हणतात. पीडीच्या गळ्यात खो-खो, कबड्डी, क्रॉस कंट्री, योग दिन, पंधरा ऑगस्टची परेड, गॅदरिंगचा मांडव आणि वर कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची फाइल. बास्केटबॉल यातून वेळ चोरून करायचा. मी पगार पीडीचा घेतला आणि संध्याकाळ मुलींना दिली. हे मान्य असेल तर पुढं वाच.

शारीरिक शिक्षणाची पदवी बी.पी.एड. दोन वर्षं, मग पदव्युत्तर एम.पी.एड. दोन वर्षं. एम.पी.एड.ला 55 टक्के पाडायचेच (राखीव प्रवर्गाला सवलत आहे). त्यानंतर शारीरिक शिक्षण विषयात कॉलेजच्या नोकरीसाठीची पात्रता परीक्षा, देशपातळीची नेट किंवा कर्नाटकाची के-सेट. यूजीसीच्या नियमांत या पदासाठी धावण्याची चाचणीही आहे. तिशीपर्यंतच्या बाईला आठ मिनिटांत 1000 मीटर. आज तुला हसू येईल, पण चार वर्षं पुस्तकात डोकं घालून मैदान विसरलेल्या मुलींचं तिथं काय होतं ते मी बघितलंय. पळणं सोडू नकोस. कॉलेजकडून खेळल्याची सर्टिफिकेटं लॅमिनेट न करता फाइलला लाव, छाननीत ती मागतात. युनिव्हर्सिटी ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, नाही म्हणून वाट बंद होत नाही.

आता भाषेचं. नेट इंग्रजी-हिंदीत, के-सेट इंग्रजी-कन्नडमध्ये. मराठीत पेपर नाही. सरकारी भरतीत कन्नडचा वेगळा पेपर असतो. यावर भांडायला या मासिकात दुसरी पानं आहेत, मी मैदानापुरतं बोलते. टेबलावर स्कोअर लिहिणाऱ्याशी, धारवाडच्या रेफरीशी, गोकाकच्या मुलीच्या आईशी बोलायला कन्नड लागतंच. शीक की, दोन वर्षांत येतं.

पैशाचं सांगते, कारण बाबांचा खरा प्रश्न तोच आहे. कायम जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. पण कायम जागा क्वचित निघते. तोवर गेस्ट, म्हणजे तात्पुरती शिक्षिका म्हणून किंवा मॅनेजमेंटच्या पगारावर राबावं लागतं आणि तो पगार सांगायला लाज वाटावी इतका असतो. त्या काळात शाळेत पीटी टीचर म्हणून काम करता येतं. बी.पी.एड. असलं तर तीही नोकरीच आहे. खेळाचं शिक्षण पक्कं करायचं तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, मोठा डिप्लोमा वर्षाचा.

बाबांना अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातली एक हकिगत वाचून दाखव. 1974 साली तिथं मुलींच्या संघाला बावीस वर्षांची कोच मिळाली, पॅट हेड. लग्नानंतर ती पॅट समिट झाली. महिन्याला 250 डॉलर. संघाची व्हॅन तीच चालवायची, मुलींचे युनिफॉर्म तीच धुवायची आणि ते युनिफॉर्मही डोनट विकून आणलेले. त्याच वेळी तिचं एम.ए.च्या तोडीचं शिक्षण, तासांना शिकवणं आणि स्वतःचा ऑलिंपिकचा सराव चालू होता. पहिलीच मॅच एका गुणानं हरली, 83-84. 1976 ला मुलींचं बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा ती रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघात खेळली. 1984 ला त्याच देशाची कोच म्हणून सुवर्ण घेतलं. टेनेसी तिनं 38 वर्षं सोडलं नाही. 1,098 विजय, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं. मला यातलं आवडतं ते निराळंच. तिच्याकडं खेळण्याची सगळी वर्षं पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. तिथं 1972 साली कायदा आला होता, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना डावलता येणार नाही असा. त्या कायद्यानं दार उघडलं, पण युनिफॉर्म धुवायला माणूस दिला नव्हता.

आपल्याकडं शिकवायचं काय, तेही ऐक. तुझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मुलींनी बास्केटबॉल हातात धरलेला नसेल. खो-खोची मुलगी पायानं चपळ, हुलकावणी द्यायला आणि ओळखायला पटाईत, तिला डिफेन्स शिकवावा लागत नाही. पण चेंडू हातात आला की थांबता येत नाही, शिट्टी वाजते, ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू न टप्पावता जास्त पावलं टाकल्याचा दोष. तिला आधी नुसतं थांबायला शिकव. पिव्होट पाय, म्हणजे जागेवर रोवून ज्यावर वळायचं तो कुठला, ते खडूनं कोर्टवर काढ. कबड्डीवाली रिबाउंडला, म्हणजे हुकून परत येणाऱ्या चेंडूला, बेधडक अंग लावते, पण समोरचीला धरते. ती सवय जायला अर्धं वर्ष लागतं. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतायत का, हे रोज बघायचं. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते आणि आपल्या सिमेंटच्या कोर्टवर चूक माफ होत नाही. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, आवाज न करता उतरायचं.

आणि दुसऱ्या क्वार्टरलाच दम लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणू नकोस. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी निघालं. आधी हिमोग्लोबिन तपासून घे, मग रनिंग वाढव. सकाळी नुसता चहा पिऊन जांबोटीहून बस धरणाऱ्या मुलीला शॉट मारण्याचं तंत्र शिकवून काय करणार?

बसवरनं आठवलं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. त्यामुळं ‘रोजचं भाडं कुठनं आणू’ हे कारण गेलं. शेवटच्या बसचं कारण राहिलंय आणि ते खरं आहे. टाइमटेबल करताना आधी खानापूरची, मग यळ्ळूरची, मग संकेश्वरची बस कागदावर लिही आणि प्रॅक्टिस त्यात बसव. कोर्ट मुलांनी अडवलं असेल तर प्रिन्सिपॉलकडून वेळ लेखी घे. तोंडी वेळ पहिल्या क्रिकेट टूर्नामेंटला जाते.

बी.एड. वाईट नाही. पण तुला मैदान हवं असेल तर त्या दोन वर्षांत बी.पी.एड. होतं, एवढं बाबांना सांग.

प्रश्न : मुलगी दक्षिण विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडली गेलीय. चार-पाच दिवस बाहेर राहावं लागेल. पाठवावी का? घरात मोठ्यांचा विरोध आहे.
– एक पालक, निपाणी

उत्तर : पाठवा दादा. मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर असते. तिचा नंबर घ्या, राहायची सोय कुठं आहे विचारा, परतीची गाडी लिहून घ्या. विचारल्यानं कुणी रागावत नाही. रागावली तर ती मॅनेजर बरोबर नव्हे. घरच्या मोठ्यांना जमलं तर एकदा प्रॅक्टिस बघायला आणा. माझा अनुभव, आजोबा एकदा कोर्टच्या कडेला बसले की दुसऱ्या दिवशी तेच रेफरीला शिव्या घालायला लागतात.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 1 इंच. सर म्हणाले, तू बास्केटबॉल सोड, कॅरम खेळ. काय करू?
– एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : कॅरम सुट्टीत खेळ. 2007 आणि 2008 ला पॅट समिटच्या संघानं अमेरिकेतलं अजिंक्यपद लागोपाठ जिंकलं, तेव्हा चेंडू पुढं नेणारी मुख्य पॉइंट गार्ड होती शॅनन बॉबिट, उंची 5 फूट 2 इंच. तुझ्यापेक्षा एक इंच जास्त. डाव्या हाताचा ड्रिबल न बघता करता येतो का? येत नसेल तर आधी तेवढं कर, उंचीचं मग बोलू.

प्रश्न : अथणी भागातल्या कॉलेजात नुकतीच गेस्ट म्हणून लागलेय. मुलींसाठी 7 नंबरचे दोन चेंडू आहेत, नवे घ्यायला पैसे नाहीत म्हणतात. चालतील का?
– एक नवी पीडी

उत्तर : रनिंग आणि चेस्ट पासपुरते चालतील, शूटिंगला नाही. मुलींचा चेंडू 6 नंबरचा, घेर साधारण साडेअठ्ठावीस इंच. 7 नंबरचा त्याहून इंचभर मोठा आणि जड. त्यानं सराव केला की मुली खांद्यानं ढकलायला शिकतात आणि मॅचला सगळे शॉट बोर्डला लागून मागं जातात. मुली क्रीडा शुल्क भरतात, त्या खात्यातून मागणीपत्र दे, खाली त्यांच्या सह्या घे. मंजुरी येईपर्यंत एक तरी 6 नंबरचा चेंडू जवळच्या कॉलेजच्या पीडीकडनं उसना आण. आम्ही एकमेकांना देतो.