काळ्या गाडीवरचे स्वर्ल मार्क (बारीक चऱ्यांची जाळी) घरीच काढायचेत, पॉलिशिंग मशीन रोटरी घेऊ की डीए (ड्युअल अ‍ॅक्शन)? की घरातल्या ग्राइंडरलाच पॅड लावू?

आधी ग्राइंडरचं सांगतो, नकोच. साधा ४ इंची अँगल ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो आणि पॉलिशिंगला रोटरीसुद्धा आपण ६०० ते २,००० च्या मध्ये चालवतो. त्या स्पीडला पेंट जळायला फार वेळ लागत नाही.

मी डिटेलिंगचंच काम करतो, त्यामुळे मत पक्कं आहे: तुमच्यासारख्या घरी एकच गाडी करणाऱ्याने १५ एमएम थ्रोचा (थ्रो म्हणजे काय ते खाली सांगतो) डीए घ्यावा, ५ इंची बॅकिंग प्लेटवाला (पॅड चिकटवायची चकती), आणि सगळं बजेट मशीनवर न घालता पॅडसाठी पैसे ठेवावेत. तुम्ही लिहिलंय की काम लवकर उरकायला हवं म्हणून रोटरीकडे कल आहे. रोटरीचा कट जबरदस्त असतो हे खरंच, सँडिंगचे मार्क किंवा खोल चरे काढायला आजही तीच लागते, डेंटिंग-पेंटिंगवाले उगाच वापरत नाहीत. पण पॅड एकाच अक्षावर फिरतं, उष्णता एका जागी साठते, आणि फॅक्टरी पेंटचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात वरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) ४०-५० मायक्रॉनच, म्हणजे केसापेक्षाही पातळ. दाराच्या कडेला, बॉनेटच्या क्रीजवर आणि प्लास्टिक बंपरवर (तिथे उष्णता पसरायला पत्राच नाही) हात नवखा असेल तर पेंट उडतो. शिवाय काळ्या रंगावर रोटरीचे होलोग्राम (उजेडात दिसणारे धुरकट पट्टे) राहतात, ते काढायला परत डीए फिरवावाच लागतो, मग वेळ वाचला कुठे?

डीएमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय लहान वर्तुळात घुमतं, त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. ८ एमएमवाल्या मशीनवर कंट्रोल छान पण मोठ्या पॅनलला वेळ खातात, २१ एमएमवाली (रुपेसची एलएचआर २१ तशी) बॉनेट, टप अशा सपाट जागी पटापट काम करते पण तिला ६ इंची प्लेट लागते आणि आताच्या गाड्यांच्या दारांवर एवढ्या रेषा, वळणं असतात की पॅड सारखं अडतं. म्हणून १५. गिअरवर फिरणारे फोर्स्ड रोटेशनवालेही मिळतात, फ्लेक्सचा एक्ससी ३४०१ वगैरे, त्यांचं पॅड दाबलं तरी थांबत नाही, पण हाताला हादरे जास्त आणि पहिल्या मशीनसाठी मी तरी सुचवणार नाही.

आता एक गोष्ट नक्की करा. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. जागेवरच थरथरताना दिसली की समजायचं पॅड फिरायचं थांबलंय, नुसतं हलतंय, कट जवळपास संपला. दाब कमी करा नाहीतर पॅड सपाट धरा. नवीन लोकांचा निम्मा वेळ इथेच जातो आणि दोष मशीनला देतात.

पॅड किमान ५-६ तरी घ्या. कंपाउंड (जास्त कापणारं पॉलिश) आणि निघालेल्या क्लिअर कोटने पॅड भरलं की ते कापत नाही, गरम होतं, मग मागचा वेल्क्रो सुटतो. दर सेक्शननंतर ब्रशने साफ करा, एक-दोन पॅनल झाले की पॅड बदला, एवढ्यानेसुद्धा कामाला खूप वेग येतो. मायक्रोफायबर कटिंग पॅड फोमपेक्षा पटकन कापतं पण काळ्यावर धुरकटपणा सोडतं, मग दुसऱ्या स्टेपला मऊ फिनिशिंग फोम हवाच. त्यामुळे आधी बॉनेटवर दीड बाय दीड फुटाचा तुकडा मीडियम फोम आणि मीडियम पॉलिशने करून बघा, मशीनच्या डायलवर स्पीड ४-५, हात सावकाश, आडवे-उभे मिळून चारेक पास. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून टॉर्चखाली बघा कारण पॉलिशमधलं तेल बारीक चरे झाकतं. जाळी ८० टक्के गेली असेल तर अख्खी गाडी तशीच करा, उरलेल्या खोल चऱ्यांच्या मागे लागून क्लिअर कोट संपवू नका.

पिलर, आरशांच्या आसपासची जागा याला ३ इंची प्लेट लागेल, तुमच्या मशीनला बसते का ते घेण्याआधी विचारा. बाहेरून मागवत असाल तर व्होल्टेज बघा, अमेरिकेतलं मशीन ११०-१२० व्होल्टचं येतं आणि आपल्याकडे २३०. काम सावलीत करा, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं. गाडी धुऊन क्ले बार (पेंटवर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) मारल्याशिवाय मशीन टेकवू नका. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणारं कोणी असेल तर ते आधी थांबवा, ती जाळी बहुतेक त्यानेच आलीये.

गाडी कुठली आणि आधी कुठला पॅनल रिपेंट झालाय का ते कमेंटमध्ये लिहा, रिपेंट असेल तर पॅड-पॉलिश वेगळं सांगावं लागेल.