अनुबियासच्या पानांवर सतत शेवाळ का चढते?

माशांच्या टाकीतला दिवा रोज 10 तास चालू असूनही अनुबियास या पाणवनस्पतीची पाने शेवाळाने भरतात, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते येथे प्रकाश कमी नसून जास्त आहे. टाकीत वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडला जात नसेल, तर पाण्यातला तुटपुंजा साठा कमी होताच वनस्पतींची वाढ मंदावते आणि उरलेला प्रकाश शेवाळाच्या पथ्यावर पडतो. अनुबियास तर मुळातच सावलीत संथपणे वाढणारी, त्यामुळे तिची जुनी पाने सर्वांत आधी माखतात. टायमर लावून दिवा 6 ते 7 तासांवर आणावा आणि हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती सोबत ठेवावी. अनुबियासचे आडवे खोड वाळूत पुरले असल्यास कृपया ते आधी मोकळे करावे, अन्यथा ते कुजते. फार माखलेली पाने कापावीत. सुधारणा नव्या पानांवरच दिसेल.