कमरेला हत्यार लावण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

"काका, पिस्तूल कुठलं घेऊ आणि ते अंगावर लपवून बाळगायचा परवाना कसा काढू?" असे दोन प्रश्न तू एका दमात विचारलेस. मी आधी दुसऱ्याचं उत्तर देतो. परवाना हातात नसेल तर शस्त्रांचा दुकानदार तुला एक काडतूससुद्धा विकणार नाही.

लपवून बाळगायचा वेगळा परवाना ही अमेरिकेतली गोष्ट. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो तोच परवाना. शस्त्र कुठलं, काडतुसं किती, कुठल्या हद्दीत चालेल, हे सगळं त्यावरच लिहिलेलं असतं. वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झाला आणि माणशी शस्त्रं दोनच राहिली. मुंबईत परवाना देणार पोलीस आयुक्त, म्हणजे फाईल शेवटी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या कचेरीत पोचते, पण तुझी खरी परीक्षा होते ती आपल्या हद्दीतल्या ठाण्यात. अर्जासोबत शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आयकराची विवरणपत्रंही जोडून ठेव. हवालदार घरी येईल, शेजारीपाजारी विचारील. मग साहेब विचारतील, "धोका काय आहे?" "झवेरी बाजारातून माल घेऊन दादरला येतो" एवढ्यावर भागत नाही, बाजारातले शेकडो लोक तेच करतात. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत लाव, मालाची चलनं लाव, विम्याचे कागद लाव. कुणाची चिठ्ठी मात्र आणू नकोस. नकार आला तर कारण लेखी मिळतं आणि अपील करता येतं.

आता हत्यार. सिनेमात दिसतं ते ९ एमएम डोक्यातून काढून टाक, ते प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) येतं, तुझ्यामाझ्यासाठी नाही. आपल्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअर. परदेशी माल सामान्य माणसाला आणता येत नाही, ते दार १९८० च्या दशकातच बंद झालं. म्हणून आजोबांच्या काळातल्या वेब्ली स्कॉटच्या विलायती हत्यारांना आजही लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. माझं मत विचारशील तर सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर घे. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, आणि नवशिक्याचा घात नेमका तिथे होतो. रिव्हॉल्व्हर उघडलं की चक्रातली गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांना दिसतात. कानपूरचं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, वजन अर्धा किलो. बायकांच्या पर्ससाठी म्हणून गाजलं, पण दिवसभर कमरेला वागवायचं तर कुणालाही बरं. एक लक्षात ठेव, हलकं हत्यार हातात जास्त उसळतं.

पण खरं सांगू? निवड हा यातला सोपा भाग. मी २२ वर्षं रिव्हॉल्व्हर बाळगलं, एकदाही बाहेर काढलं नाही आणि एक दिवसही विसरलो नाही. मुंबईच्या उकाड्यात कोट घालता येत नाही, म्हणून सदरा कायम बाहेर. वाकून चपलेचा पट्टा लावतानासुद्धा मागे कोण आहे ते बघायचं. पावसाळ्यात चामड्याचं होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, ओल धरतं आणि पोलादावर गंज चढतो, म्हणून रोज रात्री पुसून तेलाचा हात. कुणी मिठी मारली की आपण आधी कोपर आवळणार. दादरच्या एका लग्नात मी मोरीत गेलो, होल्स्टर काढून खुंटीला अडकवलं आणि पंगतीत येऊन बसलो. मठ्ठा वाढेपर्यंत आठवलं नाही. धावत गेलो तेव्हा ते तिथेच होतं, आणि बाहेर आठ-दहा वर्षांची दोन पोरं पाण्याने खेळत होती. जेवण गेलं नाही मला. त्या दिवसापासून अंगावरून उतरवायचं तर फक्त घरी, आणि तेही थेट तिजोरीत. (लग्नावरून आठवलं, आनंदाने हवेत बार काढणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.)

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूला अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी लागली ती त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची. प्रवासाला निघायच्या घाईत, स्वतःच्या घरात. हसू नकोस. जुन्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर पडून त्याच्या घोड्यावर, म्हणजे गोळीवर ठोका देणाऱ्या मागच्या हातोडीवर, आपटलं तर उडू शकतं, म्हणून आम्ही घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचो. सहाऐवजी पाच गोळ्या, बिघडत काही नाही.

आणि समज, वेळ आलीच. संध्याकाळी सहाची मस्जिद बंदरची गर्दी डोळ्यांसमोर आण. तुझी गोळी चुकली तर ती कुणाच्या पोटात थांबेल? जिवावर बेतलं तर स्वतःला वाचवायचा हक्क आहे, जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीस तर कोर्टात नाकी नऊ येतील. त्यापेक्षा माल दोन फेऱ्यांत आण, वेळ रोज बदल, अंगडियाला, म्हणजे मौल्यवान माल पोचवणाऱ्या माणसाला, चार पैसे दे. मी हे सगळं केलं आणि शेवटी परवाना परत करून टाकला. तू करावंस असं नाही, तुझं वय वेगळं, धंदाही आता मोठा झालाय.

अर्ज भरायच्या आधी सावरकर स्मारकाच्या रायफल रेंजवर नाव घाल. ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दहा मीटरवरच्या कागदावर महिनाभर मार. हात किती थरथरतो ते कळेल. त्यानंतरही मन तेच म्हणत असेल तर रविवारी घरी ये, अर्ज मिळून भरू. आणि येण्याआधी वहिनींना एवढंच विचार, की तिजोरीची किल्ली घरात कुठे ठेवायची आणि ती कुणाकुणाला माहीत असायला नको.

तुझा,
काका