कोर्टावरचा कोणता चित्रपट किंवा माहितीपट तुम्हाला खरा वाटला? अलीकडे घरी पाहिलेला आणि घरच्यांबरोबर बघता येईल असा सुचवा.

'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. हे झालं उत्तर. पण 'घरच्यांबरोबर बघता येईल असा' हे जे शेपूट तुम्ही प्रश्नाला लावलंय, तिथे माझं जुनं दुखणं आहे. म्हणून लिहायला बसलो.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. नोकरी न्यायाधीशांच्या डायसच्या खालच्या टेबलावर गेली. साहेब सांगतील ते उतरवायचं. आता निवृत्त आहे, मुलाने मोठा टीव्ही घेऊन दिलाय, त्यामुळे जेवणानंतर काही ना काही लावतो. बाकीचं सगळं मुकाट्याने बघतो, पण पडद्यावर कोर्ट आलं की माझा तोल जातो. एक तर ती हातोडी. आपल्या कोर्टात हातोडी नसते हो. गलका झाला तर पट्टेवाला ओरडतो, नाहीतर साहेब नुसतं चष्म्यावरून बघतात, तेवढं पुरतं. दुसरं ते लाल फडक्यातलं गीतेचं पुस्तक. शपथ १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे देतात, ईश्वराला स्मरून किंवा ज्याला ते नको त्याला नुसती प्रतिज्ञा. पुस्तकबिस्तक काही नाही. आणि १९९३ साली 'दामिनी'त सनी देओल 'तारीख पे तारीख' म्हणाला, तेव्हापासून आमचं नशीबच फुटलं. लग्न असो, मुंज असो, मला बघून कोणीतरी ते म्हणणारच. त्यात पहिला मान आमच्या साडूंचा.

साडू कोल्हापूरकडचे, माझ्याहून मोठे. त्यांचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा फार वर्षं चालू आहे. माझ्या कोर्टात नाही, जिल्हाही वेगळा. पण त्यांच्या लेखी कोर्टातला कुठलाही माणूस म्हणजे त्यांच्या दाव्याला जबाबदार. एकदा भर पंगतीत म्हणाले होते, "कोर्टातल्या लोकांना शेती लागत नाही, तारखा पिकतात त्यांच्या." सगळी पंगत हसली. मी मुलीकडचा होतो, गप्प जेवलो.

गेल्या दिवाळीत ते आणि ताई (बायकोची थोरली बहीण) आमच्याकडे राहायला होते. दुपारी मी 'कोर्ट' लावला. मुद्दाम लावला, खोटं कशाला बोलू.

गोष्ट थोडक्यात अशी की एका लोकशाहिरावर आरोप आहे, त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला. मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला चालतो. चालतो म्हणजे खरोखर जसा चालतो तसा. कॅमेरा एका जागी, पंखे फिरताहेत, मागच्या बाकांवर दुसऱ्याच खटल्यांची माणसं पुकाऱ्याची वाट बघत बसलीत. पंधरा-वीस मिनिटांतच साडू म्हणाले, "पाव्हणं, जरा पुढं ढकला की. काय होईना झालंय ह्यात." रिमोट माझ्या मांडीखाली होता.

मग तो प्रसंग आला. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतात आणि टंकलेखकाकडे वळून स्वतःच्या भाषेत मजकूर सांगतात. साडूंनी विचारलं, "हा मधी काय टाइप करतोय? आणि जज्ज तेच परत का सांगतोय?" मी चित्रपट थांबवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला होता.

त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण कोर्टाचा चित्रपट खरा की खोटा हे मी ह्याच एका गोष्टीवरून ठरवतो. साक्षीदार जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर येत नाही. सत्र खटल्यातली साक्ष सहसा सलग निवेदनासारखी नोंदवायची, अशी कायद्याचीच तरतूद आहे. साहेबांना वाटलं तर एखादा भाग प्रश्नोत्तरांत घेता येतो, पण ते क्वचित. म्हणजे म्हातारी बाई उलटतपासाला वकिलावर ओरडते, "माझ्या पोराला मारलं आणि मलाच खोटं पाडताय होय रे!" आणि कागदावर उमटतं, 'हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.' बाई पाच मिनिटं गप्प बसली, पदर चावत राहिली, तर तो गप्पपणा कुठेच जात नाही. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा मारायचा अधिकार साहेबांना आहे, पण त्या दिवसाच्या यादीत एवढी प्रकरणं पडलेली असताना कोण मारतं? मराठी लघुलेखनाची मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस मी, शब्द एकही सुटायचा नाही. पण लिहायचा कुठला, हे माझ्या हातात नव्हतं. वरिष्ठ कोर्टात पुढे जातो तो कागद. त्यावरच सगळं ठरतं.

आता मला सांगा, किती चित्रपटांत हे दिसतं? नायक घसा फोडून तीन पानं बोलतो, न्यायाधीश डोळे पुसतात, आणि खाली बसलेल्या माणसाची बोटं हलतसुद्धा नाहीत. मग ते सगळं गेलं कुठे? रेकॉर्डवर आलंच नाही. अपिलात शून्य. 'कोर्ट'मध्ये मृत कामगाराची बायको साक्ष देते. नवरा गटारात उतरण्याआधी आत झुरळं आहेत का ते बघायचा, झुरळं असली तर हवा असणार म्हणून. ती हे कुठलाही आव न आणता, पत्ता सांगावा तसं सांगते. त्या वेळी आमच्या हॉलमध्ये कोणी बोललं नाही. साडूसुद्धा नाही.

बायका मात्र दुसऱ्याच गोष्टीत गुंतल्या. गीतांजली कुलकर्णींनी केलेली सरकारी वकील लोकलने घरी जाते, वाटेत पाळणाघरातून मुलाला घेते, घरी पोचून स्वयंपाकाला लागते. ताई म्हणाल्या, "हिला एक कप चहा कोणी करून देईल तर शपथ." साडू वैतागले, "अगं पण ही वाईट बाजूची ना?" वाईट बाजू! मी इतके सरकारी वकील पाहिले, त्यांतले बहुतेक असेच, हातात पिशवी आणि डोक्यात गाडीची वेळ. खलनायक कोणी नाही, प्रत्येक जण आपापलं काम करतोय, आणि तरी तो शाहीर आत जातो. ह्यातच तर सगळं आहे. साडूंना नेमका ह्याचाच राग. त्यांना कोणीतरी दोषी हवा होता, आणि दिवाणावर समोर मी बसलो होतो.

तारखांचा विषय निघायचाच होता, निघाला. मी म्हटलं, तारीख कोण देतं ते ऐका एकदा. समन्स बजावणी होऊन आलेलं नसतं. पंच आलेला नसतो, किंवा येऊन फितूर होतो. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस गार्ड मिळत नाही. रासायनिक तपासणीचा अहवाल आलेला नसतो. आणि दिवाणीत तर तुमचाच वकील मुदतीचा अर्ज देतो, दादा, कारण त्याला त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात काम असतं. तुमच्या दाव्याचा रोजनामा, म्हणजे कुठल्या तारखेला काय झालं त्याची नोंद, काढा, बघा किती अर्ज तुमच्या बाजूचे आहेत. ह्यावर साडू म्हणाले, "म्हणजे तुमचा दोष काहीच नाही?" मी म्हटलं, कारकून तारीख लिहितो, देत नाही. "लिहिताना हात आखडता घेता आला असता की," म्हणाले. ह्या माणसापुढे काय बोलणार.

शेवटाकडे उन्हाळी सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा. साडू उठले, गुडघे चोळत म्हणाले, "संपला? निकाल कुठाय?" मी म्हटलं बसा, आहे अजून. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी लागलेली, पोरं कानाशी किंचाळून पळतात आणि साहेब एकाच्या कानाखाली देतात. साडू खदखदून हसले. "जज्ज पण आपल्यातलाच की!" आणि लगेच पुढे, "मग आमच्या दाव्याला एवढी वर्षं का?" त्यावरून रात्रीच्या जेवणापर्यंत वाद. फराळ तसाच राहिला.

म्हणून घरच्यांबरोबर बघा, जरूर बघा, पण घरात कोणाचा दावा चालू असेल तर रिमोट आधी ताब्यात घ्या.

माहितीपटांचं विचारलंय. 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) मी अलीकडेच मुलाच्या सांगण्यावरून पाहिला. डॅलसमध्ये १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल ॲडम्स नावाच्या माणसाला देहदंड सुनावला गेला, नंतर तो जन्मठेपेवर आला. एरल मॉरिसने साक्षीदारांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलू दिलं, आणि साक्षी आपोआप उसवत गेल्या. १९८९ साली तो माणूस सुटला. शेवटच्या मुलाखतीला कॅमेरा बिघडला होता, म्हणून पडद्यावर नुसता टेपरेकॉर्डर दिसतो आणि आवाज येतो. माझ्यासारख्याला ह्याहून थरारक काही नाही. (सुटल्यावर ॲडम्सने स्वतःच्या गोष्टीच्या हक्कांवरून दिग्दर्शकाशीच भांडण काढलं. ते पुढे कोर्टाबाहेर मिटलं. पक्षकार कुठलाही असो, सारखाच.)

निशा पाहुजांचा 'टू किल अ टायगर'ही बघा. झारखंडमधला एक शेतकरी बाप, तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झालाय, आणि गाव म्हणतंय अत्याचार करणाऱ्यांतल्याच एकाशी लग्न लावून दे. तो ऐकत नाही, खटला लढतो. पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा) खटला बंद दाराआड चालतो, त्यामुळे इथे बापाच्या चेहऱ्यावरूनच समजून घ्यायचं. आरोपींना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आमच्या हिने अर्ध्यात उठून देवघर गाठलं, मी पूर्ण पाहिला.

'रुस्तम' बघू नका असं म्हणत नाही, पण त्याला नानावटी खटला (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा) समजू नका. पडद्यावर नायक निर्दोष सुटतो आणि चित्रपट संपतो. खऱ्या खटल्यात ज्यूरीने, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मग १९६४ मध्ये माफी मिळाली. हे सगळं गाळून गणवेशातला देखणा माणूस तेवढा ठेवलाय. 'एक रुका हुआ फैसला'ही ज्यूरीचाच, आणि तो आला १९८६ साली, तेव्हा आपल्याकडे ज्यूरी उरलीच नव्हती. पण तो मी वर्षाआड बघतो. माणसं चांगली भांडतात त्यात.

थोडं राहिलं. लहान मुलं असतील तर पाहुजांचा माहितीपट त्यांच्यासमोर लावू नका. 'कोर्ट' जेवणानंतर लगेच लावू नका, झोप येते आणि मग दोष चित्रपटाला जातो. मुलं मोबाइल घेऊन बसणारी असतील तर 'जॉली एलएलबी' लावा, निदान सौरभ शुक्लांचा न्यायाधीश ओळखीचा वाटतो. मी जे सांगतोय ते जिल्हा कोर्टाचं, उच्च न्यायालयाची तऱ्हा वेगळी. आता कायदेही बदललेत, १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी संहिता आलीय, तेव्हा कलमं मला विचारू नका. आणि खरोखरचं कामकाज फुकट बघायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं थेट प्रक्षेपण २०२२ पासून येतं. साडूंना त्याची लिंक पाठवलीय. अजून उघडलेली नाही.